राजगिऱ्याचा देव

मोयोत्लान, मेक्सिको
सन १५६२, तीन राजांच्या सणाचा दुसरा दिवस

मसात्ल,

तुझं पत्र पोचलं. म्हणजे जिवंत आहेस. बेचाळीस वर्षं मी तुला कधी मेलेला धरलं, कधी जिवंत, जसा माझा दिवस जाईल तसं. कोकोचा व्यापारी पत्र देऊन दारातच उभा राहिला. म्हातारी आता रडेल असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "बाबा, चूल पेटवायची आहे, उजेडातून बाजूला हो."

पाद्र्यांनी तुझं नाव बेनितो ठेवलं म्हणतोस. मला ते जमायचं नाही. माझं लुसिया ठेवलंय, पण वस्तीत अजून त्लाकोच म्हणतात. हे पत्र कुणाकडून लिहवून घेतलं असं विचारशील, तर अक्षर माझंच आहे. पाद्र्यांनी मुलींची शाळा काढली होती, तिथं दहा वर्षं झाडू मारला. मुली शिकलेलं विसरल्या, झाडणारीच्या डोक्यात राहिलं.

आता तुझ्या दुखण्याचं. पाय सुजलेत, धाप लागते, चार मुलांतली तीन गेली. आणि तू लिहितोस, "अक्का, मी देव खाल्ला आणि पळालो. त्याने मला धरून ठेवलंय. सुटल्याशिवाय मला धड मरताही येत नाही." हे वाचून मी पत्र उलटं ठेवलं आणि अंगण झाडलं. मग परत वाचलं.

पत्रं तुझा मुलगा लोरेन्सो वाचून दाखवतो म्हणतोस. त्याला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून त्याच्यासाठी लिहिते. पोरा, आमच्या काळी थंडीच्या सणाला देवाची मूर्ती राजगिऱ्याच्या पिठाची करत. घायपाताच्या पाकात मळलेली, दात मक्याचे. सण झाला की मूर्ती मोडत आणि वस्तीवस्तीतून निवडलेल्या तरुणांना तिचा एकेक घास मिळे. ज्यानं देव खाल्ला त्यानं वर्षभर देवाच्या आगीला सरपण वाहायचं आणि अंगण झाडायचं. वर्ष सरलं की देवाला आंघोळ घालायची. नव्या पोरांनी खाल्लं की जुने सुटले. एवढं वाहावं लागे की काही जण मध्येच पळून जात. तुझा बाप त्यांतला.

तू पळालास त्यानंतर महिन्याभरातच देवळाच्या अंगणात परक्यांनी नाचणाऱ्यांना कापलं. आपल्या वस्तीतल्या खाणाऱ्या बारांपैकी दहा तिथंच पडले. तू पळाला नसतास तर अकरावा असतास. हे मी तुला माफ केलं म्हणून लिहीत नाही, झालं तसं लिहिते. मग देवीची साथ आली. पुढचा सण आला तेव्हा देव करायला हात नव्हते आणि खायला तोंडं नव्हती. नवं कुणी खाल्लंच नाही, म्हणून जुने सुटलेच नाहीत. जुन्यांतला इथं एकच उरलाय, दोमिंगो इत्स्कुइन. आठवतो का, मोठ्या कानांचा? त्या दिवशी प्रेतांखाली पडून वाचला, एक पाय लंगडा झाला.

तुझं सरपण मी वाहते. अजूनही. देऊळ पाडलं, त्याच दगडांचं चर्च बांधलं. दगड तेच, म्हणून मी मोळी तिथंच टाकते. पाद्र्यांच्या स्वयंपाकाला जळते ती. मला ते पुण्यवान समजतात.

पत्र वाचून झालं की जाळा.

तुझी बहीण

*

मोयोत्लान
संत याकोबच्या सणाआधी तीन दिवस

मसात्ल,

कणसं भरायच्या दिवसांत तुझं दुसरं पत्र आलं. लोरेन्सोला पाठवतोस म्हणे, तुझ्या जागी. त्याने इथं येऊन घास खायचा आणि वर्ष वाहायचं, म्हणजे तू सुटशील. हे डोकं कुणाचं? तुझं नसणार, तू एवढा लांबचा विचार कधी केला नाहीस.

पाठवू नकोस. रस्ता वाईट आहे. त्याची बायको अवघडलेली आहे असं तूच लिहिलंस. मुलांतला एकच उरलाय, तोही वाटेत तापानं गेला तर काय करशील? आणखी कारण विचारू नकोस. हे पत्र पोचेपर्यंत तो निघालाही असेल, हे मला कळतं. तरी लिहिते.

इथली गंमत सांगते. एक पाद्री म्हाताऱ्यांना बोलावून जुन्या देवांच्या गोष्टी विचारतो आणि लिहून घेतो. सैतान कसा ओळखायचा ते कळावं म्हणून, असं तो म्हणतो. दोमिंगो रोज जातो, तिथं चॉकलेट मिळतं. परवा मलाही घेऊन गेला. आपल्याच देवाचा, वित्सिलोपोच्त्लीचा, जन्म सांगत होता. आई सर्पांच्या डोंगरावर झाडत होती, पिसांचा गोळा सापडला तो कमरेला खोचला, आणि दिवस राहिले. चारशे मुलगे आणि मोठी मुलगी चिडली, आईला मारायला निघाली. तेवढ्यात हा पोटातून निघाला तोच हत्यारबंद. बहिणीचं मुंडकं उडवलं आणि धड डोंगरावरून खाली लोटलं.

पाद्र्याने लेखणी थांबवली. "पण बहिणीने अजून काही केलंच नव्हतं ना?"

दोमिंगो म्हणाला, "महाराज, ती मोठी होती. मोठ्या बहिणी काही करायच्या आधीच करून बसलेल्या असतात."

आणि माझ्याकडे बघून हसला मेला. पाद्र्यानं तेसुद्धा लिहून घेतलं असेल.

मग दुसरी गोष्ट. आपले लोक देवाचं गाठोडं पाठीवर घेऊन चालत होते, आणि गाठोड्यातून देव बोलायचा, इकडे जा, तिकडे जा. त्याची दुसरी बहीण चेटकी होती, लोकांना जड झाली होती. देव म्हणाला, ती झोपलीय तोवर निघा. उजाडल्यावर ती जागी झाली तर माळावर एकटी. घरी आल्यावर मी एकटीच बोलले. तूही मला झोपेत सोडून गेलास. सरपणाची दोरी दाराशी आणि होडी गायब. देवाचं बाकी काही नाही, पण एवढं मात्र नीट शिकलास.

बेचाळीस वर्षं मी या देवाची आग सांभाळते. बहिणींना कापणारा आणि टाकून जाणारा देव. सूर्य उगवायचा तर त्याला बळ हवं, त्याला बळ हवं तर आग हवी, आग हवी तर सरपण हवं, असं आपण शिकलो. सूर्य तर उगवतोच आहे, पाद्र्यांच्या स्वयंपाकावर. मला तरीही मोळी टाकल्याशिवाय गिळवत नाही. थकलेय मी, मसात्ल. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

लोरेन्सोला थांबव.

*

मोयोत्लान
संत मातेओच्या सणाचा दिवस

मसात्ल,

आला. काल दुपारी. दारात उभा राहून "आत्या" म्हणाला. तू गेलास तेव्हा जसा होतास तसाच, फक्त बारा वर्षांनी मोठा. बोलतो मात्र तिकडच्यासारखं, प्रत्येक वाक्य वर चढवून. शेजारच्या बायका त्याला मुद्दाम बोलायला लावतात. "भाकरी पुरली का रे?" विचारलं की तो सांगतो आणि त्या तोंडाला पदर लावतात.

तुझं पत्र त्यानं दिलं. पाय आता गुडघ्यापर्यंत सुजलेत म्हणे. आडवं पडून श्वास पुरत नाही, बसून झोपतोस. माझी आठवण काढतोस असं तो म्हणाला. त्यानं घातलेली भर असणार, पण बरं वाटलं.

आज सकाळी सरपणाला तोच गेला. मोळीचा कपाळपट्टा भुवईवर बांधला होता, मी वर सरकवून दिला. "आत्या, तुम्ही बसा." मी बसले. अंगणात ऊन आलं, ते पायावर घेतलं. शेजारची विचारायला आली, "बरं नाही का?" बेचाळीस वर्षांत सकाळी मी बसलेली कुणी पाहिली नव्हती. आता भाचा आला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "पुण्याई बाई तुझी. भावाचं ओझं वाहिलंस, देवानं त्याचा लेक पाठवला." मी मान खाली घातली. अशा वेळी मी नेहमी तेच करते.

संध्याकाळी दोमिंगो आला. लोरेन्सोला वळूला बघतात तसं वरून खाली पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"त्लाको, हा खाईल तर नवा खाणारा झाला."

"एकच."

"बारा पाहिजेत असं कुठं लिहिलंय? आपलं काहीच लिहिलेलं नाही, लिहितो तो पाद्री. एकानं खाल्लं तरी नवं ते नवं. तुझा भाऊ सुटेल, मी सुटेन. आणि तूही मोकळी. बंधन तुझं नाही, पण पाठ तर तुझीच ना?"

"आणि ह्याला कोण सोडवेल? ह्याच्यानंतर कोण खाणार?"

दोमिंगो लंगडा पाय चोळत होता. म्हणाला, "तो तरुण आहे. त्याला वेळ आहे. मला नाही."

खरं आहे त्याचं. पासष्टीला टेकलाय, अजून रोज एक काटकी का होईना आगीत टाकतो. त्याला मरायची भीती वाटत नाही, न सुटता मरायची वाटते. तुझ्यासारखंच.

सणाला दोन महिने आहेत. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

*

मोयोत्लान
सर्व मृतांच्या दिवसानंतर दहावा

मसात्ल,

ठरलं. व्यापारी उद्या निघतोय म्हणून घाईत लिहिते.

राजगिरा पाण्यातल्या मळ्यांकडच्या एका बाईकडून आणला, मिरच्यांच्या टोपलीत खाली लपवून. लाडू करायला कुणी अडवत नाही, मूर्ती केली तर फटके. पलीकडच्या गावात एका म्हाताऱ्याला चर्चच्या दारात उभं करून मुंडलं, फक्त हातभर बाहुली केली म्हणून. आम्ही वीतभरच करणार. पुरे आहे तेवढी.

काल पाटा धुतला आणि दळायला बसले. हात विसरले नाहीत. त्या वर्षी आम्ही सोळा मुली होतो, वर्षभर उपास धरलेल्या, मीठ नाही, मिरची नाही. दळताना गाणं म्हणायचो आणि पीठ उडून पापण्या पांढऱ्या व्हायच्या. सोळांतली मी एकटी उरलेय. लोरेन्सो समोर बसून बघत होता. "आत्या, बाबा सांगायचे, घास तोंडात घातला आणि अंगावर काटा आला. खरंच येतो का?"

मी म्हटलं, "उद्या लवकर उठायचंय, जा झोप."

तो सरपण छान वाहतो. माझी पाठ दुखायची थांबलीय. मला वाटायचं ते दुखणं म्हणजेच पाठ. असं सुखानं बसून मी काय काय मान्य करेन याचा भरवसा उरलेला नाही. तू सुटशील, दोमिंगो सुटेल. सगळ्यांचं भलंच आहे.

त्याच्या बायकोला मुलगी झाली हे त्याला तुझ्या निरोप्याकडून कळलं. नाव अजून ठेवलेलं नाही, बाप परत येईपर्यंत थांबलेत. वर्षभर थांबतील का?

*

मोयोत्लान
संत आंद्रेसच्या सणाचा दुसरा दिवस

मसात्ल,

हे पत्र लोरेन्सो स्वतः आणतोय. मी ते त्याला आधीच वाचून दाखवलंय, म्हणजे तुझ्यासमोर वाचताना तो अडखळणार नाही.

तू देव खाल्ला नाहीस. मी खाल्ला.

पुन्हा सांगते, नीट ऐक. त्या सकाळी तुला घास मिळाला होता, अंगठ्याएवढा, कणसाच्या पानात बांधलेला. आंघोळ करून अनशापोटी खायचा होता. तू पुडी पाट्याच्या कडेला ठेवून कालव्यावर गेलास. आई बाजारात होती. मी पान सोडलं, देव तोंडात घातला, आणि घरच्या भांड्यात उरलेल्या राजगिऱ्याचा तेवढाच गोळा करून पुन्हा बांधून ठेवला. तू ओल्या केसांनी आलास. डोळे मिटून खाल्लंस. डोळ्यांतून पाणी आलं तुझ्या. मी विचारलं, "कसा लागला?" तू म्हणालास, "अक्का, अंगावर काटा आला."

तुला वाचवायला केलं, भावाच्या पाठीवर ओझं नको म्हणून केलं, असं मी आधी लिहिलं होतं. ते पान फाडलं. मला खायचा होता, एवढंच. वर्षभर मी दळलं. त्याची मांडी मी मळली, बोटं मी केली, दात माझ्या हातांनी बसवले. आणि खायची वेळ आली तेव्हा, "बायांनो, मागे व्हा." मला राग आला होता आणि भूक लागली होती. चव विचारशील तर गोड. घरच्यासारखीच.

तेव्हा सांगितलं असतं तर दोघांनाही मारलं असतं. नंतर तू पळालास, मग सांगायला कोण होतं? मी मोळी उचलली कारण ती माझीच होती. लोक म्हणाले, बघा, पळपुट्या भावाचं ओझं वाहते. मी मान खाली घातली. तुझी बदनामी झाली आणि माझं नाव झालं. अशा कौतुकाची सवय लागते, मसात्ल. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच एका ओळीत हे लिहिता आलं असतं. तुझे अकरा महिने मी त्या भीतीत घालवले, आणि तुझ्या लेकाला एवढं चालायला लावलं.

काल सकाळी आम्ही वीतभर देवाला आंघोळ घातली. दोमिंगोनं त्याला काठीनं मोडलं. लोरेन्सो कालव्यावरून आला आणि समोर बसला. केस ओले, डोळे मिटलेले, दोन्ही हात पुढे. मी घास उचलला. त्यानं खाल्लं असतं तर मीसुद्धा सुटले असते, माझ्याच खाण्यातून, आणि जगात कुणाला कधी कळलं नसतं. मग मी म्हटलं, "हात खाली घे."

सगळं सांगितलं. दोमिंगो उठून उभा राहिला, मग पाय दुखला म्हणून बसला. म्हणाला, "बेचाळीस वर्षं गप्प बसलीस, अजून एक घटका बसता आलं नसतं?"

मी घास पाट्यावर परत ठेवला.

लोरेन्सो म्हणाला, "मग आत्या, बाबांनी काय खाल्लं?"

"राजगिरा."

तो हसला. खूप हसला, आणि मग तोंड झाकून बसला. तेवढ्या गडबडीत पाट्यावरचा देव अंगणातल्या टर्की कोंबडीनं टिपून संपवला. दोमिंगो बघत राहिला आणि म्हणाला, "झालं. आता वर्षभर हिच्याकडून सरपण वाहून घ्या." मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, छातीत दुखलं. मग दोमिंगो माझ्याशी न बोलता गेला. आज मोळी घेऊन चर्चपाशी दिसला, तेव्हाही बोलला नाही. बाजूला सरकून मला मात्र जागा दिली.

तुझी मुलं तुझ्यामुळे गेली नाहीत. साथीनं गेली, जशी इथं घराघरातून गेली. तुझे पाय म्हातारपणानं सुजलेत. तू अठरा वर्षांचा होतास, कामाला कंटाळलास आणि पळालास. त्यापलीकडे तू काहीही केलेलं नाहीस. कुणाचाही तुझ्यावर हक्क नाही. मला शिव्या घालायच्या असतील तर घाल, आडवा पडून, श्वास पुरेल तेवढ्या.

लोरेन्सोला मी वाटेसाठी भाजलेला मका आणि मिरच्या दिल्या आहेत. दुसरं काही खायला दिलेलं नाही. पोरीचं नाव लवकर ठेवा. माझं ठेवू नका.

तो पोचण्याआधी तू गेला असशील तर काय करायचं, असं त्यानं मला विचारलं. मी सांगितलंय, जिथं पुरलं असेल तिथं बस आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. लोक जमले तर जमू दे.